गेटपर्यंत लेन्या

मिलर्सफर्ड, ओहायो
१३ जून १९८३

प्रिय व्हेरा,

तुझं फ्लोरिडाचं ऊन तुला लखलाभ. इकडे जून अर्धा होत आला तरी सकाळी तळावर जाताना मला स्वेटर लागतो. काल-परवा आमच्या हवाई दलाच्या राखीव तुकडीचा महिन्याचा शनिवार-रविवार झाला. एरवी त्या विमानतळावर कुत्रं फिरत नाही, आणि या दोन दिवसांत अख्खा गाव गणवेश चढवून आत. मी नेहमीप्रमाणे भटारखान्यात अंडी फोडत होते. दातांचा डॉक्टर माझ्या हाताखाली बटाटे सोलायला. शाळेचे मुख्याध्यापक प्रोकॉप विमानात सामान चढवत होते आणि त्यांच्यावर हुकूम सोडत होता त्यांनीच गणितात नापास केलेला पोरगा. तू सगळं बघितलेलं आहेस, तुला काय सांगायचं.

सांगायचंय ते माझ्या गसचं आणि तुझ्या लेनीचं. दोघं आमच्याच ट्रकमधून तळावर जातात, मी मधे, मांडीवर बर्फाची पेटी. गेट येईपर्यंत गसच्या तोंडी सारखं "लेन्या". लेन्या, शुक्रवारी लेथ कुणी चालू ठेवला? लेन्या, तुझा डबा माझ्या सीटवर सांडलाय. गेटवरच्या शिपायानं सलाम ठोकला की त्या क्षणापासून "सर". कारण आठवडाभर आमच्या लेथच्या कारखान्यात गस मालक आणि लेनी नोकर, पण आत लेनी मेजर आणि गस सार्जंट. परत येताना गेट मागे पडलं की पुन्हा लेन्या. इतक्या वर्षांत यात कधी चूक झाली नाही. कारखान्यातलं गेटच्या आत न्यायचं नाही आणि आतलं बाहेर आणायचं नाही, असा आमच्याकडे सगळ्यांचाच नेम आहे. नाहीतर या गावात कुणी कुणाच्या हाताखाली कामच करू शकणार नाही.

पण हल्ली काहीतरी बिनसलंय. डासांवर औषध फवारायचं ते हर्क्युलिस विमान देखभालीसाठी गसच्या ताब्यात आहे. त्याच्या खिडकीखाली गसचं नाव रंगवलेलं आहे, ते तू पाहिलं आहेस. संध्याकाळी डास उठतात, त्या वेळी झाडांच्या शेंड्यांवरून ते उडवायचं, आणि उडवायचं लेनीनं. शनिवारी त्याचा सराव होता. गसनं ऐन वेळी विमानाच्या कागदावर लाल फुली मारली. म्हणाला, तेल गळतंय. फुली पडली की कर्नलसुद्धा विमान हलवू शकत नाही. मे महिन्यात म्हणाला होता, चाक बरोबर नाही. एप्रिलमध्ये आणखी काही. पोरं आता तोंड फिरवून हसतात. लेनी लालेलाल झाला, "ठीक आहे, सार्जंट" एवढंच म्हणाला आणि चालू लागला. येताना ट्रकमध्ये ना लेन्या, ना सर. मी आपली दोन दगडांच्या मधे.

जेवताना गसला विचारलं तर त्याचं ठरलेलं वाक्य. "विमान माझं आहे, मिली. वैमानिकाला मी ते उसनं देतो." शरद ऋतूत तो तळावरून निवृत्त होतोय, त्याचं मनावर घेतलंय का? मला काही कळत नाही. लेनी तुझ्याजवळ काही बोलला का?

तुझी,
मिली


पाम ग्रोव्ह, फ्लोरिडा
२४ जून १९८३

प्रिय मिली,

विचारतेस म्हणून सांगते. बोलला. फोनवर पॅटीसुद्धा बोलली, आणि बायकोचा आवाज नवऱ्यापेक्षा जास्त सांगतो.

तळावर एक कायमची जागा निघाली आहे. आठवडाभर पगारी, महिन्यातले दोन दिवस नव्हे. सप्टेंबरमध्ये कर्नल माणूस निवडणार. ज्याचा संध्याकाळच्या फवारणीवर हात बसलेला असेल त्याला ती जागा मिळणार. आणि लेनीला एप्रिलपासून एकदाही ते विमान मिळालेलं नाही. आता तूच सांग मी काय समजायचं.

पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा माझा इंजिनियर मुलगा घरी बसला होता. गसनं त्याला लेथवर उभं केलं, ते उपकार मी विसरले नाही. पण लेनीसारखा केसाएवढी चूक न करणारा माणूस गसला दुसरा कुठे मिळणार? तो जाऊ नये म्हणून हे सगळं चाललंय. तेल विमानातून गळत नाहीये बाई, तुझ्या नवऱ्याच्या पोटात दुखतंय.

राग मानू नकोस. मी आई आहे, आणि माझा मुलगा कसा आहे ते मला माहीत आहे. ईस्टरला आला होता. चार दिवसांत एकदाही समुद्रावर गेला नाही. माझ्या दाराच्या पायऱ्यांच्या कडांना त्यानं पांढरा रंग लावला, दाराबाहेर एवढा मोठा दिवा बसवला की शेजारीण विचारते, तुमच्याकडे लग्न आहे का. मी म्हटलं, अरे, मार्चमध्येच डॉक्टरनं सांगितलंय की डोळे ठणठणीत आहेत, वाचायला चष्मा तेवढा लागतो. ऐकतो कुठे. "आई, संध्याकाळी पडशील." असा मुलगा. त्याच्या आड कुणी येत असेल तर मी गप्प बसणार नाही, मग ती माझी मावसबहीण का असेना.

व्हेरा


मिलर्सफर्ड
१२ जुलै १९८३

प्रिय व्हेरा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. गसला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, व्हेराला सांग, पोटात काही दुखत नाही, पाठीत दुखतं.

तुझं म्हणणं खरं असतं तर मला निदान चिडता तरी आलं असतं. पण मी जे बघते ते कशातच बसत नाही. गसनं कारखान्यात लेनीच्या लेथवर दोन नव्या ट्यूब लावल्या. बाकीच्यांच्या डोक्यावर तेच जुने पिवळे दिवे. लेनीची स्वतःची गाडी आहे, तरी रोज संध्याकाळी गस त्याला घरी सोडतो. "चल, मी त्याच बाजूला चाललोय." तो कसला त्या बाजूला चाललाय, आमचं घर उलट्या टोकाला. आधी वाटलं, भांडण मिटवतोय. आणि परवा शनिवारी पुन्हा लाल फुली.

या वेळी मी ठरवूनच गेले होते. रविवारी कुटुंबाचा दिवस होता. पोरं विमानात चढून बसत होती, अग्निशमनवाले शिडीवरून फवारे उडवत होते, पॅराशूट शिवणाऱ्या बायकांनी कापडाचे तंबू केले होते. मी कोबी-शेवयांच्या हलुश्कीची परात घेऊन गसच्या विमानापाशी गेले. त्याच्या हाताखालचा मेकॅनिक ताट भरून घेत म्हणाला, "मावशी, खरं सांगू? विमानाला काही झालेलं नाही. आम्ही सगळं उघडून बघितलं. सार्जंटचं काय चाललंय ते आम्हाला कळत नाही." तो काही आगाऊ मुलगा नाही, आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

तेवढ्यात कर्नलनं गसला बोलावलं. कर्नल आठवडाभर विमा विकतो, आमचाही विमा त्याच्याकडेच आहे, आमच्या ओसरीवर बसून त्यानं किती वेळा कॉफी प्यायली असेल. पण रविवारी त्यानं गसला खुर्चीसुद्धा दिली नाही. बाहेर आला तो सरळ परातीपाशी, दोन ताटं भरून जेवला. तुला माहीत आहे, काही मनात असलं की गसची भूक वाढते.

घरी आल्यावर मी स्पष्टच विचारलं, "तुला लेनी डोळ्यांसमोर नकोसा झालाय का?"

म्हणाला, "नकोसा असता तर सही केली असती."

आता याचा अर्थ तू लाव. मी दोन दिवस लावतेय, माझं डोकं चालत नाही.

मिली


पाम ग्रोव्ह
२५ जुलै १९८३

मिली,

अर्थ मी कशाला लावू? नवरा तुझा आहे.

लेनीनं मला काल सांगितलं. कर्नलनं आता ऑगस्टचा शनिवार ठरवून टाकलाय. दुसऱ्या तुकडीतला सार्जंट येऊन विमान तपासेल, सही करेल आणि लेनी संध्याकाळी उडेल. गसनं पुन्हा आडकाठी घातली तर त्याचं नाव विमानावरून पुसणार. निवृत्तीच्या तोंडावर. मला त्याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही, खरं सांगते.

आणि रोज घरी सोडतो म्हणे. लेनीला काय त्याच्या बापासारखं करायचंय? आठवतं ना आमचा जोझेफ? चाळिशी आली तशी अंधार पडायच्या आत घरात. नाचाला नाही, पत्त्यांना नाही, चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणालासुद्धा सूर्य असेतो जायचा आणि पळत परत यायचा. सगळा गाव म्हणायचा, व्हेरानं नवऱ्याला दावणीला बांधलंय. मी कधी एका शब्दानं अडवलं नव्हतं, पण दोष माझ्या माथी. आता गसनं माझ्या मुलालाही तसंच दिवसाउजेडी घरी पोचवायचं आणि लोकांनी म्हणायचं, बापावर गेलाय. नको ते प्रेम.

यापुढे ख्रिसमसच्या कार्डापुरतं बोलू. फोनही करू नकोस.

व्हेरा


मिलर्सफर्ड
८ ऑगस्ट १९८३

व्हेरा,

तू आवाज ऐकून फोन ठेवतेस म्हणून हे तातडीच्या टपालानं पाठवते आहे. मला शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इतकी चिडले होते की जेवणाच्या टेबलावर गसला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, तुझ्यापायी मला काय ऐकून घ्यावं लागतंय. दावणीचं वाक्य वाचलं आणि त्यानं चमचा खाली ठेवला. "पुन्हा वाच," म्हणाला. मी वाचलं. मग विचारलं, "जोझेफ असं करायला लागला तेव्हा त्याचं वय काय होतं?" मी म्हटलं, तिनं लिहिलंय ना, चाळिशी. "लेनीचं काय आहे?" मी म्हटलं, एकेचाळीस, तू त्याच्या वाढदिवसाचा केक खाल्लायस. मग तो उठला आणि परसात जाऊन टोमॅटोच्या वाफ्यापाशी उभा राहिला. मी मागे गेले. तिथे त्यानं मला सगळं सांगितलं, आणि मी कधी गसला इतकं बोलताना ऐकलेलं नाही.

हिवाळ्यापासून तो बघतोय. दुपारपर्यंत लेनीसारखा कामाचा माणूस नाही. दिवस कलला की त्याच्या पायाशी ढकलगाडी असली तर तो तीवर आपटतो. पाना लेथखाली पडला तर हातानं चाचपून शोधतो, समोर दिसत असताना. एकदा गसनं बाजूनं हात पुढे केला, शेकहँडसाठी, तर लेनीला तो दिसलाच नाही. गसला वाटलं, पोरगा पितोय. पोलादाचा कारखाना बंद पडल्यावर गावातले किती तरी प्यायला लागले, तुला माहीत आहे. म्हणून त्यानं लेनी नसताना त्याचा थर्मास उघडून हुंगला. एकदा नाही, अनेकदा. नुसती कॉफी. मग म्हणे त्याला वाटलं, बाहेरून पिऊन येत असेल. म्हणून घरी सोडायला लागला, वाटेत कुठे थांबतो का ते बघायला. लेनी कुठे थांबत नाही. दारापर्यंत जातो आणि कुलपाचं भोक बोटांनी शोधतो.

मी म्हटलं, अरे, मग कर्नलला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "काय सांगू? माझा नोकर संध्याकाळी अडखळतो? कारखान्यातलं आत न्यायचं? आणि दारू म्हटली की संपलाच तो. माझं चुकलं असेल तर? विमान थांबवलं तर माझं हसं होतं. त्याचं नाव घेतलं तर त्याचं सगळं जातं."

अगं, त्याला दारूपलीकडे काही सुचलंच नव्हतं. कारण दर वर्षी तळावरचा डॉक्टर लेनीला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि लेनी लखलखीत दिव्याखाली शेवटची ओळसुद्धा वाचतो. डोळे ठीक, असा शिक्का पडतो. गसलाही वाटलं, डोळ्यांचा प्रश्न नसणार. तुझं पत्र ऐकेपर्यंत.

म्हणून विचारते, रागानं नाही. जोझेफ संध्याकाळी घरी का यायचा? तुला कधी बोलला होता का?

शनिवारी लेनी उडणार आहे. झाडांच्या शेंड्यांवरून, दिवेलागणीला, मागे चार माणसं. गसची फुली या वेळी चालणार नाही. तो म्हणतोय की विमानापुढे जाऊन उभा राहीन. तो तसं करेल, आणि लोक त्याला वेडा म्हणून ओढून नेतील.

मिली


पाम ग्रोव्ह
११ ऑगस्ट १९८३

मिली,

तुझं पत्र दुपारी आलं. मी ते वाचून ठेवून दिलं आणि भांडी घासली. मग पुन्हा वाचलं.

जोझेफ कधी काही बोलला नाही. विचारलं की म्हणायचा, दमलोय. रात्रपाळी घ्यायचा नाही, त्यासाठी फोरमनला दर ख्रिसमसला बाटली द्यायचा. मग एका वर्षी फोरमन बदलला आणि जोझेफला रात्रपाळीवर जावं लागलं. दुसऱ्याच आठवड्यात तो कारखान्यातल्या उंच फलाटावरून खाली पडला आणि गेला. सगळे म्हणाले, बर्फ होतं, पाय घसरला. मी तेच धरून बसले. फलाट छपराखाली होता गं. छपराखाली कुठून आलं बर्फ, हा प्रश्न मला आज पडतोय.

लेनी तेव्हा लहान होता. त्याला मी बाप दमायचा एवढंच सांगितलंय. मला तेवढंच माहीत होतं.

संध्याकाळ झाल्यावर मी बाहेरचा तो लग्नाचा दिवा बंद केला आणि पायऱ्यांच्या खाली जाऊन उभी राहिले. मला सगळं दिसत होतं. कुंडी दिसत होती, शेजारणीचं मांजर दिसत होतं. डॉक्टरनं सांगितलंच होतं. पांढऱ्या कडा नसत्या तरी मी चढले असते. वर चढले, खाली उतरले, पुन्हा चढले. शेजारीण खिडकीतून बघत होती, तिला वाटलं असेल म्हातारीला काय झालं.

मिली, तो रंग माझ्यासाठी नव्हता.

ईस्टरच्या पहिल्या संध्याकाळी तो त्याच पायऱ्यांवर पडला होता. हसत उठला, म्हणाला, बघ, कसल्या धोकादायक पायऱ्या ठेवल्यास. दुसऱ्या दिवशी रंग आणला. मी गावभर सांगत सुटले, माझा मुलगा किती काळजी घेतो.

आता काय करू? बोलले तर माझ्या हातानं त्याचं उडणं संपतं, कायमची नोकरीही जाते. लहानपणापासून त्यानं दुसरं काही मागितलेलं नाही. नाही बोलले तर शनिवार आहे. आणि समजा आपलं सगळ्यांचं चुकत असेल तर? दमत असेल तो. एका घरात दोन माणसं दमू शकत नाहीत का? मला काही सुचत नाही. गस महिन्यामागून महिने या गोंधळात कसा राहिला आणि त्याच्यावर लोक हसले, मी हसले.

हे लिहिता लिहिता उठून मी फोन केला. एवढंच विचारलं, "लेनी, माझ्या पायऱ्यांना रंग कुणासाठी लावलास?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो त्यानं बंद केला. मग म्हणाला, "तुझ्यासाठीच, आई." मी म्हटलं, बरं. मग जोझेफचं सांगितलं. छपराखालच्या बर्फाचंही. त्यानं "हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या "हं"चा अर्थ काय ते मला माहीत नाही. गसला सांग, विमानापुढे उभं राहायचं असेल तर उभा राहा. आणि त्याला सांग की व्हेरा


(हे वाक्य मला पुरं करता येत नाही. तसंच पाठवते.)


मिलर्सफर्ड
१२ सप्टेंबर १९८३

प्रिय व्हेरा,

फोनवर रडारडीत अर्धंच सांगून झालं, आणि पॅटी जवळ असायची. आता सावकाश लिहिते.

ऑगस्टच्या त्या शनिवारी आम्ही तिघं नेहमीसारखे निघालो. तुझं पत्र त्या दिवशी दुपारी पोचायचं होतं, त्यामुळे तू फोन केलास हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गेटची पाटी दिसायला लागली आणि लेनी म्हणाला, "काका, इथेच थांबवा. आत गेल्यावर मला तुम्हाला विचारता येणार नाही."

गसनं ट्रक कडेला घेतला. "विचार, लेन्या."

"विमानात खरंच काही बिघाड होता का?"

"विमानात नव्हता."

लेनीनं खिडकीची काच खाली केली आणि मक्याच्या शेताकडे तोंड केलं. मग सांगायला लागला की दिवस मावळला की बाजूबाजूनं काळं होत येतं, नळकांड्यातून बघावं तसं. आधी थकवा वाटला. मग वाटलं, विमानात समोरचं तर दिसतं, तेवढं पुरे. फेब्रुवारीत एकदा उतरताना बाजूचा मनोरा त्याला दिसलाच नव्हता. शेजारच्या वैमानिकानं नुसतं "सर" म्हटलं आणि स्वतःच विमान वळवलं. लेनीला कुणी विचारलं नाही, त्यानंही कुणाला सांगितलं नाही. एप्रिलपासून फुली पडायची तेव्हा त्याला राग यायचा, आणि रागाच्या खाली बरं वाटायचं.

गस म्हणाला, "मला वाटलं, तू पितोस."

लेनी हसला. "तुम्ही माझा थर्मास हुंगायचात. मला माहीत होतं. मला वाटायचं, तुम्हाला पॅटीची कॉफी आवडते."

मग त्यानं विचारलं, आत गेल्यावर तुम्ही काय सांगणार? गसनं ट्रक सुरू केला. म्हणाला, "मी काही बघितलेलं नाही. अलीकडचं मी पलीकडे नेत नाही. न्यायचं तर तू ने."

गेटवरच्या पोरानं सलाम ठोकला. गस म्हणाला, "सर, कुठे सोडू?" लेनी म्हणाला, "कर्नलच्या ऑफिसात." मी बर्फाची पेटी घट्ट धरून बसले होते. बोटं बधिर झाली ते मला नंतर कळलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून दोन दिवस तपासलं. बरं होणारं नाही, हळूहळू वाढणारं आहे, किती हळू ते सांगता येत नाही. जोझेफचं ऐकून डॉक्टर म्हणाला, हे घराण्यातूनच येतं.

आता परवाचं. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, शेवटचं उड्डाण करून उतरला की घरच्यांनी पाण्यानं भिजवायचं. लेनीला आता विमान चालवता येत नाही, पण कर्नलनं, भर दुपारी, आकाश अगदी निरभ्र असताना, त्याला मागच्या बाकावर बसून फेरी मारू दिली. विमान तपासून सही केली गसनं. फुली नव्हती. पोरं रांगेत उभी होती आणि कुणी तोंड फिरवलं नाही. उतरल्यावर पॅटीनं बादली ओतली, आणि अग्निशमनवाल्यांचा नळ गसनं धरला. नेम धरून डोक्यापासून बुटांपर्यंत. प्रोकॉप मास्तर टाळ्या वाजवत होते. लेनी हसत होता की रडत होता ते त्या पाण्यात कुणाला कळलं नाही. गसचं मला कळलं, तो कोरडा होता, फक्त गाल सोडून.

ती कायमची जागा अर्थात दुसऱ्याला गेली. लेनी आमच्या कारखान्यातच आहे. गसनं सगळ्या कारखान्यात नवे दिवे लावले, आता बाकीचे म्हणतात, डोळे दिपतात. महिन्याच्या त्या शनिवारी लेनी काय करणार ते कुणालाच माहीत नाही. त्यालाही नाही. मी म्हटलं, माझ्याकडे बटाटे सोलायला ये, दातांचा डॉक्टर सालं फार जाड काढतो.

एक गोष्ट राहिली. परवा परत येताना तो तसाच निथळत ट्रकमध्ये बसला होता, माझा अर्धा झगा ओला. गेट मागे पडलं. गस म्हणाला, "सर, दार नीट ओढून घ्या."

लेनी म्हणाला, "काका, गेट केव्हाच मागे गेलं."

गस म्हणाला, "मला नाही दिसलं."

घरापर्यंत तो त्याला सरच म्हणत होता.

तुझी,
मिली


पाम ग्रोव्ह
२० सप्टेंबर १९८३

प्रिय मिली,

तुझं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती रडली.

मला अजूनही सगळं उमगलेलं नाही. मी चांगलं केलं की वाईट, हे मी रोज वेगवेगळं ठरवते. लेनी फोनवर नेहमीसारखा बोलतो, हवा कशी आहे विचारतो. मी सांगते, ऊन आहे. मग दोघंही गप्प बसतो. पूर्वी असं गप्प बसत नव्हतो, पण फोनही कुणी ठेवत नाही.

गसला सांगायचं ते वाक्य मी अर्धंच सोडलं होतं. ते अजून पुरं होत नाहीये. तो समजून घेईल, त्याला न बोललेलं चांगलं कळतं.

ख्रिसमसला मी येते आहे. तुमच्याच घरी उतरेन, आणि लेनी-पॅटी रोज जेवायला तिथेच येतील, असं मी परस्पर ठरवून टाकलंय. तुमच्याकडे दिवस लवकर मावळतो आणि ओसरीच्या पायऱ्या सगळ्या राखाडी आहेत, मला आठवतंय. तेव्हा गसला एक काम सांग. बर्फ पडायच्या आत पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग लावून ठेव म्हणावं, आणि दाराबाहेर मोठा दिवा.

लेनीनं विचारलं कशाला, तर सांगा की व्हेराला हल्ली संध्याकाळी नीट दिसत नाही.

तुझी,
व्हेरा